डोळ्यांखाली गॅस टोचतात म्हणे. नागपुरात कोणी केलंय का?

खसाची_ताटी | १२ एप्रिल, रात्री ९.४०

मंडळी, एक विचारायचं आहे. हसायचं नाही. (तर्री_मारके हसणारच, त्याला आधीच माफ केलं.)

शुक्रवारी धरमपेठेतल्या एका स्किन क्लिनिकमध्ये गेली होती. मे महिन्यात भाचीचं लग्न आहे आणि माझ्या डोळ्यांखाली ही एवढी काळी वर्तुळं. काकडी, बदाम तेल, बटाट्याचा रस सगळं करून झालं. शेवटी शेवटी वाटायला लागलं की एवढ्या बटाट्यांची भाजी केली असती तर बरं. तिथं डॉक्टरांच्या आधी एक काउन्सेलर पोरगी भेटते. तिनं माझ्या तोंडाचा फोटो काढला, टॅबवर मोठा करून दाखवला (वैऱ्यावरही ही वेळ येऊ नये) आणि म्हणाली, "मॅम, तुमच्यासाठी कार्बोक्सी बेस्ट राहील."

कार्बोक्सी म्हणजे कार्बन डायऑक्साइड. तोच, सोड्यातला. बारीक सुईनं कातडीखाली सोडतात. सहा सिटिंगचे पंधरा हजार, वर जीएसटी. आजच्या आज भरले तर तेरा हजार. मी म्हटलं, गॅस अंगात सोडायचा म्हणजे नेमकं काय? तर म्हणे, "नॅचरल आहे मॅम, आपण श्वासात सोडतो तोच."

आई सोबत होती. वय ६८, दोन्ही गुडघे दुखतात, घर महाल भागात, आणि जिना असा की पाहुण्यांनाही देव आठवतो. पोरीनं तिच्याकडे पाहिलं आणि लगेच, "आजींच्या गुडघ्यांनाही हाच गॅस देतो आम्ही, पेनसाठी." माझी आई आयुष्यात कोणत्याच गोष्टीला पहिल्या फटक्यात हो म्हणालेली नाही, स्वतःच्या लग्नालाही नाही. ती म्हणाली, "घेऊन पाहू."

तिथंच मी घाबरली. "विचार करून सांगते" म्हणून आईला घेऊन बाहेर पडली.

तर आता सांगा. डोळ्यांखालच्या काळेपणालाही तोच गॅस आणि गुडघ्यालाही तोच, हे कसं काय? दुखतं का? टिकतं का? कोणी केलं असेल तर खरं खरं लिहा.

तर्री_मारके | १२ एप्रिल, रात्री ९.५२

हसलो नाही. फक्त एवढंच विचारतो, सोडाच घ्यायचा तर बर्डीवर लिंबू मारून वीस रुपयात भेटते. टोचून कायले घ्याचा?

पारिजात | १२ एप्रिल, रात्री १०.१५

ताई, नका करू! मी मागच्या हिवाळ्यात सीओटू केलं होतं, मुरुमांच्या खड्ड्यांसाठी. तोंडभर बारीक बारीक ठिपक्यांच्या खपल्या, चहाच्या गाळणीनं छाप मारल्यासारख्या. सहा दिवस स्कार्फ बांधून ऑफिसला गेली. उन्हात जायची बंदी ती वेगळीच. एप्रिल-मे मध्ये नागपुरात हे करणं म्हणजे वेडेपणा.

त्वचेचा_विद्यार्थी | १२ एप्रिल, रात्री १०.३१

पारिजात, तुमचं ते कार्बन डायऑक्साइड लेझर होतं. नाव सारखं, काम वेगळं. त्यात गॅस मशीनच्या नळीत असतो आणि त्यातून १०,६०० नॅनोमीटरचा किरण निघतो. तो कातडीतलं पाणी तापवून बारीक बारीक भोकं पाडतो. तुमच्या अंगात गॅस गेलाच नाही. या दोघांत दर आठवड्याला कोणीतरी गोंधळतं, आणि क्लिनिकवाले "सीओटू" एवढंच म्हणून मोकळे होतात म्हणून जास्तच.

तिसरा प्रकारही आहे. पार्लरमध्ये "कार्बोक्सी मास्क" मिळतो. आधी जेल लावायची, वर कागदी मास्क. एकात खायच्या सोड्यासारखं काही, दुसऱ्यात आम्ल, दोन्ही भेटले की फसफस. इनोचंच तत्त्व. त्यात सुई नसते. ताटीताई, तुम्हाला सांगितलं ते सुईवालंच ना?

खसाची_ताटी | १२ एप्रिल, रात्री १०.४०

सुईवालंच. मशीन दाखवलं तिनं, फ्रिजच्या स्टॅबिलायझरएवढं. मागे राखाडी सिलिंडर.

भूल_चूक | १२ एप्रिल, रात्री ११.५८

केस संपवून आत्ता घरी आलो. मी भूलतज्ज्ञ आहे, त्वचेचा नाही. पण या गॅसशी माझी रोजची उठबस आहे, म्हणून लिहितो. लांब होईल.

दुर्बिणीतून पित्ताशय किंवा गर्भपिशवी काढतात तेव्हा पोट फुगवावं लागतं. त्यासाठी हाच गॅस वापरतात, साधारण १२ ते १५ मिलिमीटर पाऱ्याच्या दाबानं. कारण सरळ आहे. तो पेट घेत नाही, आत करंट लावून रक्त थांबवायचं असतं. आणि तो रक्तात भराभर विरघळतो, ऑक्सिजनच्या साधारण वीसपट. विरघळला की फुप्फुसात येतो आणि श्वासावाटे बाहेर. तुमचं शरीर नुसतं बसल्या बसल्या मिनिटाला सुमारे २०० मिलिलिटर कार्बन डायऑक्साइड तयार करतं. डोळ्यांखाली सोडतात तो काही मिलिलिटर असतो. धडधाकट माणसाला त्याचा बोजा होत नाही. तेव्हा "गॅस अंगात अडकून बसेल का" याचं उत्तर, नाही.

आता तो करतो काय. कातडीखाली गेला की तिथल्या बारीक रक्तवाहिन्या रुंदावतात. जागा लाल होते, गरम लागते, हे डोळ्यांनी दिसतं. शिवाय जिथं कार्बन डायऑक्साइड वाढतो तिथं रक्ताची आम्लता वाढते आणि हिमोग्लोबिन आपल्याजवळचा ऑक्सिजन लवकर सोडतं. याला बोर परिणाम म्हणतात. कोपनहेगनच्या क्रिस्टियन बोर यांनी १९०४ मध्ये दाखवला. (अणूवाल्या नील्स बोर यांचे वडील. बापाचा शोध दर श्वासाला वापरतो आणि नाव मुलाचं लक्षात ठेवतो.) स्नायू दिवसभर हेच करून राहिले असतात. ज्याला जास्त काम त्याच्याकडे जास्त गॅस, म्हणून त्यालाच जास्त ऑक्सिजन. कार्बोक्सीवाले काय करतात, तर कातडीला खोटंच सांगतात की इथं लय काम चाललंय, माल पाठवा.

म्हणून डोळा, गुडघा, पोट सगळीकडे एकच गॅस. दावा सगळीकडे एकच आहे, रक्त वाढवतो. रक्त तेवढ्यापुरतं वाढतं हे मी मान्य करतो. पण रक्त वाढलं म्हणजे कातडी दहा वर्षांनी लहान झाली, हे त्यातून आपोआप निघत नाही.

पोटाच्या चरबीवर एक नीट केलेला प्रयोग आहे, अमेरिकेत नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाचा, २०१८ मध्ये छापलेला. १६ माणसं. पोटाच्या एका बाजूला गॅस, दुसऱ्या बाजूला नुसतं नाटक. आठवड्याला एकदा, पाच आठवडे. पाचव्या आठवड्याला सोनोग्राफीत गॅसच्या बाजूची चरबी थोडी कमी दिसली. अठ्ठाविसाव्या आठवड्याला दोन्ही बाजू सारख्या. डोळ्यांखालच्या वर्तुळांवर, स्ट्रेच मार्कवर, जखमांवरही अभ्यास आहेत, पण बरेचसे छोटे, थोड्या दिवसांचे.

राहिलं ते "नॅचरल". श्वासात आपण जो सोडतो त्यात हा गॅस चारेक टक्के असतो, आणि शरीर तो सोडतं कारण त्याला तो नको असतो. नॅचरल तर नागही आहे.

आता मुद्द्याचं. आईंना दुसरं काही आहे का? हृदय, दमा, किडनी, रक्त पातळ करायची गोळी? पोरीनं विचारलं का?

तर्री_मारके | १३ एप्रिल, सकाळी ७.०५

डॉक्टर, एवढं तर आमच्या बायॉलॉजीच्या सरांनी पण नाही शिकवलं. पोहे माझ्याकडून.

खसाची_ताटी | १३ एप्रिल, सकाळी ८.२०

डॉक्टर, तुमचं वाचून पोटात गोळा आला. आईला २०२१ मध्ये स्टेंट बसला आहे. बीपीची गोळी आहे, रक्त पातळ करायची पण आहे. आणि नाही, विचारलं नाही कोणी. एक फॉर्म भरून घेतला, त्यात नाव, मोबाइल, वाढदिवस आणि "आमच्याबद्दल कुठून कळलं".

भूल_चूक | १३ एप्रिल, सकाळी ८.४४

हे पहिल्याच पोस्टमध्ये हवं होतं, ताई.

मग आईंचं थांबवा. गुडघ्याभोवती आठ-दहा ठिकाणी सुई जाणार, त्या गोळीवर असलेल्या माणसाला मोठे काळेनिळे डाग पडणार. हृदय नीट चालत नसेल, फुप्फुसाचा जुना आजार असेल, नुकताच झटका किंवा लकवा येऊन गेला असेल, गरोदरपण असेल, त्या जागी जंतुसंसर्ग असेल, तर हा प्रकार करतच नाहीत. आईंचा स्टेंट जुना आहे, तब्येत ठीकही असेल, पण ते त्यांच्या हृदयाच्या डॉक्टरांनी ठरवायचं, टॅबवालीनं नाही.

आणि एक गोष्ट मोठ्या अक्षरात वाचा. उद्या कोणी म्हणालं की "दोन दिवस गोळी बंद करा, मग देऊ", तर गोळी बंद करायची नाही. स्टेंटवाल्यानं ती गोळी आपल्या मनानं किंवा ब्युटीवाल्याच्या सांगण्यावरून सोडणं हे या गॅसपेक्षा शंभरपट धोक्याचं आहे.

ग्लो_फॉरएव्हर (नवीन सदस्य) | १३ एप्रिल, सकाळी ११.१०

कार्बोक्सी १००% सेफ आणि पेनलेस आहे. कोणताही साइड इफेक्ट नाही. लग्नाच्या सीझनची खास ऑफर सुरू आहे, आजच संपर्क करा [नंबर काढला आहे. जाहिरातीसाठी वेगळा विभाग आहे. – संपादक]

तर्री_मारके | १३ एप्रिल, सकाळी ११.१२

आला पहा. गुळाले मुंगळा.

संत्र्याची_साल | १३ एप्रिल, दुपारी २.३०

"पेनलेस" वाचलं म्हणून लॉगिन केलं. मी केलं आहे. दोन वर्षांपूर्वी, पाच सिटिंग, डोळ्यांखाली आणि पोटावरच्या बाळंतपणाच्या रेघांना. क्लिनिकचं नाव विचारू नका.

खुर्चीवर आडवं केलं, स्पिरिटनं पुसलं. सुई इन्सुलिनच्या सुईसारखी, टोचल्याचं फार नाही जाणवत. जाणवतं ते नंतर. गॅस सुरू केला की कातडी आतून कोणी सोलून राहिलं असं वाटतं, आणि चटका. पोटावर जास्त. मी खुर्चीची कड धरून ठेवली होती. गॅस थोडा कोमट करून देणाऱ्या मशीननं कमी दुखतं म्हणे, आमच्याकडे ती नव्हती. डोळ्यांखाली वेगळंच. एका क्षणात खालची पापणी टम्म फुगली, गरम तेलात पुरी फुगते तशी. आरसा दिला हातात, मी स्वतःला ओळखलं नाही. बोट लावलं तर आत कुरकुर. उन्हाळ्यात गच्चीवर कुरडया वाळत घालतो नं, अर्धवट वाळलेली कुरडई दाबली की जशी हळूच मोडते, तशी. सिस्टर म्हणाली, घाबरू नका, उतरेल. अर्ध्या-पाऊण तासात डोळे उतरले. पोटावरची कुरकुर दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत होती. तिसऱ्या सिटिंगला डाव्या डोळ्याखाली निळा डाग पडला, आठ दिवस. सासूबाईंना खरं सांगितलं तर त्यांना वाटलं मी नवऱ्याला वाचवून राहिली.

फरक? खोटं नाही बोलणार, पडला. चौथ्या-पाचव्यानंतर चेहरा तजेलदार दिसायचा, दोघी-तिघींनी विचारलं पण. दोन-तीन महिने. दिवाळीपर्यंत होते तसे. पोटाच्या रेघा थोड्या मऊ झाल्या, गेल्या नाहीत. मग "मेंटेनन्स" सिटिंगसाठी फोन यायला लागले.

आणखी एक गंमत. आधीचा फोटो त्यांनी छताच्या ट्यूबलाइटखाली काढला होता आणि नंतरचा समोर गोल लाइट लावून. घरी येऊन मी नवऱ्याचा फोटो तसाच दोन प्रकारे काढला. त्याची वर्तुळं फुकटात गेली.

त्वचेचा_विद्यार्थी | १३ एप्रिल, रात्री ९.०५

सालताई, तुमच्या नवऱ्याच्या फोटोत अर्धा धडा आहे.

डोळ्यांखालचा काळेपणा हा एक आजार नाही. कोणाच्या कातडीतच रंग जास्त असतो, आपल्या लोकांत हे फार. कोणाची कातडी पातळ असते आणि खालच्या रक्तवाहिन्या निळसर-जांभळ्या दिसतात. कोणाला डोळ्यांखाली खड्डा असतो, तिथं रंग नसतोच, सावली असते. आणि बहुतेकांना यातलं थोडं थोडं सगळं. त्यात डोळे चोळायची सवय, ऍलर्जी, रक्त कमी, झोप कमी.

घरी बघायचं असेल तर आरशासमोर खालची कातडी बोटानं हलकेच ताणा. रंग तसाच राहिला तर कातडीतला. जास्त जांभळा दिसला तर रक्तवाहिन्यांचा. मग अंधाऱ्या खोलीत मोबाइलचा टॉर्च समोरून, नाकाच्या उंचीवर धरा. काळेपणा गायब झाला तर ती सावली. हे काही पक्कं निदान नाही, पण खिशातले पंधरा हजार बाहेर काढायच्या आधी एवढं करायला हरकत नाही.

गॅसनं काही झालंच तर दुसऱ्या प्रकाराला, रक्तवाहिन्यांच्या, होण्यासारखं आहे. रंगावर आणि खड्ड्यावर रक्त वाढवून काय होणार? कोणता प्रकार आहे हे न बघता पॅकेज सांगणं म्हणजे गाडी न उघडता इंजिनाचा खर्च सांगणं.

भूल_चूक | १३ एप्रिल, रात्री १०.२०

याला जोडून माझी एक धास्ती. किडनी अधू असलेल्या पेशंटच्या पायाच्या धमन्या बघायला रेडिओलॉजीवाले नेहमीच्या औषधाऐवजी हाच गॅस धमनीत सोडतात. उत्तम चालतं. पण छातीच्या पडद्याच्या वर तो धमनीत सोडत नाहीत, मेंदूकडे बुडबुडा जाण्याची भीती. आता डोळ्यांभोवतीच्या धमन्यांचे धागे आत डोळ्याला आणि मेंदूला जुळलेले असतात. कातडीखाली सोडणं वेगळं, धमनीत वेगळं, मला कळतं. पण म्हणूनच ती सुई कोणाच्या हातात आहे याला महत्त्व. दारावर "कॉस्मेटोलॉजिस्ट" लिहिलेलं असलं तर त्याखाली एमबीबीएस आहे का आणि पुढे त्वचारोगाची डिग्री आहे का, तेवढं वाचा. नोंदणी क्रमांक महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा हवा. लाजायचं नाही, विचारायचं.

हिंगणा_रोड | १३ एप्रिल, रात्री ११.०२

बोलू का? मी गॅसच्या धंद्यात आहो, एमआयडीसीत. ऑक्सिजन, नायट्रोजन, सीओटू, सगळे सिलिंडर पोचवतो.

लोकांना वाटते गॅस तो गॅस. तसं नाही राजेहो. सीओटू तीन ठिकाणी जाते आपल्याकडे. वेल्डिंगले, कोल्ड्रिंक-सोड्याले आणि दवाखान्याले. दवाखान्याचा वेगळ्या शुद्धतेचा, फार्माकोपिया म्हणजे औषधांच्या मानकांच्या पुस्तकाप्रमाणे, सर्टिफिकिटासकट. रंगावर जाऊ नका, लेबल पहा. कोणी तुमच्या अंगात सोडून राहिला तर लेबल पाहायचा हक्क आहे तुमचा.

दुसरी गोष्ट, हा गॅस सिलिंडरमध्ये पातळ होऊन बसलेला राहते. म्हणून काटा पाहून किती उरला ते समजत नाही, शेवटपर्यंत काटा हालत नाही, मग एकदम पडते. आम्ही वजनावर मोजतो. आणि ३१ डिग्रीच्या वर तो पातळ राहतच नाही, कितीही दाबा. आपल्या नागपुरात मार्चपासून जूनपर्यंत ३१ डिग्री म्हणजे सकाळी दहा-अकराचं टेंपरेचर! दाब चढत जाते. म्हणून सिलिंडर कधी गळ्यापर्यंत भरत नाही आणि उन्हात ठेवत नाही. एका ठिकाणी डिलिव्हरीले गेलो, सिलिंडर पत्र्याच्या बाल्कनीत, उन्हात, वर टॉवेल वाळत घातलेला. मी म्हटलं, मॅडम, आधी याले आत घ्या. म्हणे आत एसी आहे, कस्टमरले आवाज येते.

अजनी_ते_प्लझेन | १४ एप्रिल, सकाळी १०.१५

जयंतीची सुट्टी, म्हणून निवांत लिहितो. मी दोन वर्षं चेक देशात प्लझेनला नोकरीला होतो. तिथून ट्रेननं तासाभरावर मारियान्स्के लाझ्ने नावाचं गाव आहे. जर्मन लोक मारिएनबाड म्हणतात. २०२१ मध्ये युनेस्कोच्या यादीत आलं, युरोपातल्या अकरा झऱ्यांच्या गावांपैकी एक. तिथं हा गॅस जमिनीतूनच येतो. झऱ्याच्या पाण्यात बुडबुडे, आणि नुसता गॅसही.

आमच्या प्लांटमधला एक निवृत्तीला आलेला फोरमन दरवर्षी तिथं जायचा, कंबर धरली की. एकदा मीही त्याच्याबरोबर गेलो. एका खोलीत खाटांवर म्हातारे लोक झोपलेले, आणि प्रत्येकजण छातीपर्यंत प्लॅस्टिकच्या पिशवीत! पिशवीचं तोंड बांधलेलं, आत गॅस. डोकं बाहेर, पेपर वाचणं सुरू. मला आधी वाटलं शवागारात आलो. कोरडी गॅस-आंघोळ म्हणतात त्याला. पायांचं रक्ताभिसरण सुधारायला. आणि शेजारच्या खोलीत सुईवाला प्रकार. फोरमननं शर्ट वर केला, नर्सनं मणक्याच्या दोन्ही बाजूंनी भराभर टोचलं, पाठीवर लिंबाएवढे फुगवटे आले आणि बघता बघता बसले. तो म्हणाला, दोन-तीन महिने बरं जातं. मी विचारलं, गॅसनं की तीन आठवडे कामाला सुट्टी, रोज चालणं आणि मालिश यानं? तो हसला. म्हणाला, ते वेगळं करून कोणी बघितलंय?

फ्रान्समध्ये रोया नावाच्या झऱ्याच्या गावी १९३२ पासून पायांच्या आखडलेल्या धमन्यांसाठी हा गॅस वापरतात. म्हणजे सुरुवात सुरकुत्यांपासून नाहीच, पायांपासून आहे. चेहऱ्यावर तो मागाहून चढला.

अवांतर: आपल्याकडे किनवटजवळ उनकेश्वरला गरम कुंडात खरूज-नायट्याचे लोक आंघोळीला जातात, माझी आजीही गेली होती. तिला बरं वाटलं होतं. तिथंही वेगळं करून कोणी बघितलं नाही.

पारिजात | १४ एप्रिल, सकाळी १०.४०

छातीपर्यंत पिशवी! आमच्या ह्यांना पाठवते.

फिजिओ_वर्धमाननगर | १४ एप्रिल, दुपारी १२.२५

गुडघ्यांचं कोणी लिहिलं नाही म्हणून लिहिते.

गुडघ्याभोवती गॅस दिला की आखडलेले स्नायू सैल पडतात, उष्णता वाटते, थोडे दिवस आराम पडतो असं सांगणारे पेशंट मी पाहिले आहेत. पण गुडघ्यातली झिजलेली गादी त्यानं भरत नाही. ६८ वर्षं आणि दोन्ही गुडघे म्हणजे बहुतेक झीजच. तिथं सगळ्यात भरवशाचं काम मांडीचा पुढचा स्नायू करतो. तो मजबूत झाला की गुडघ्यावरचा भार तो घेतो. पण त्याचं कोणी पॅकेज विकत नाही.

ताटीताई, आईंना खुर्चीवर बसवा. एक पाय समोर सरळ करायचा, पंजा आपल्याकडे ओढायचा, पाच आकडे मोजायचे, सावकाश खाली. दहा वेळा, मग दुसरा पाय. सकाळ-संध्याकाळ. पंधरा दिवसांनी पायाला अर्धा किलो रेतीची पिशवी बांधा. श्वास रोखायचा नाही, स्टेंट आहे म्हणून सांगते, आकडे मोठ्यानं मोजायला लावा म्हणजे आपोआप रोखला जात नाही. जिना चढताना बरा पाय आधी, उतरताना जास्त दुखरा पाय आधी. आणि जिन्याला धरायला काही आहे का?

खसाची_ताटी | १४ एप्रिल, दुपारी १.००

दोरी आहे. आजोबांच्या काळची. तिला धरून आम्ही सगळे वाढलो. (हसू नका.)

टॉर्चचं केलं काल रात्री. कूलर बंद, लाइट बंद, मी आरशासमोर मोबाइल धरून आणि नवरा दारात उभा, "काय चाललंय हे." समोरून उजेड टाकला तर निम्मं गेलं! म्हणजे निम्मी सावली. उरलेलं ताणून पाहिलं तर तसंच्या तसं तपकिरी. जांभळं काही नाही.

तर्री_मारके | १४ एप्रिल, दुपारी १.०८

म्हणजे पंधरा हजार सावलीले टोचणार होते.

खसाची_ताटी | २३ एप्रिल, रात्री ८.५०

उशीर झाला, लग्नाच्या खरेदीत होती. इतवारीत तीन दिवस, पायांचे तुकडे.

मेडिकल कॉलेजच्या स्किन ओपीडीत जाऊन आली. तिथल्या डॉक्टर पोरीनं पहिलाच प्रश्न विचारला, "डोळे खाजतात का?" खाजतात ना. होळीपासून. मी दिवसभर चोळत असते, मलाच माहीत नव्हतं. नवरा म्हणतो त्याला माहीत होतं. ऍलर्जीचे थेंब दिले, रात्री लावायला एक मलम, आणि रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन ९.८. लोहाच्या गोळ्या सुरू. खड्ड्याचं म्हणाली, तो घराण्याचा आहे, आईकडे बघा. पाहिलं तर खरंच! कार्बोक्सीचं विचारलं. म्हणाली, तुमच्या प्रकाराला फार काही होणार नाही, पैसे ठेवा. लग्नापर्यंत सगळं जाणार नाही, ते पण सांगितलं. म्हणजे फोटोवाल्याला समोरून लाइट मारायला सांगायचं.

आईच्या हृदयाच्या डॉक्टरांना फोन केला. गॅस म्हटल्यावर ते दोन मिनिटं बोललेच नाहीत. मग म्हणाले, "गोळी बंद केली नाही ना?" भूल_चूक, तुमची आठवण आली.

आई रुसली आहे. आकडे मोजते, पण असे, की शेजारच्या घरात ऐकू जावेत. आज म्हणाली, "गॅस नाही तर नाही, पण ती दोरी काढ आणि लोखंडी कठडा लाव. तुझ्या तोंडाला पंधरा हजार होते ना तुझ्याकडे?"

हिंगणा_रोड | २३ एप्रिल, रात्री ९.१५

ताई, कठड्याचं सांगतो. जाग्यावर आर्क मारत बसू नका, धूर होते, जुन्या घरात लाकूड असते. माप घेऊन वर्कशॉपमधून करून आणा आणि सीओटू वेल्डिंग करायला सांगा. जोड साफ येते, हाताले टोचत नाही. महालातच एक ओळखीचा आहे, मेसेज करतो.

खसाची_ताटी | २३ एप्रिल, रात्री ९.२१

सीओटू? करा मेसेज. आईला फक्त गॅसचं नाव नका सांगू.